जानेवारीत मनाली आणि सोबत छोटा ड्रोन: बर्फ राखाडी का येतो, बॅटरी का बसते, उडवायचा कुठे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई इंदूरहून मनालीला जाताय, सोलंग नक्की आणि रस्ता उघडा असला तर अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूपर्यंत. हातात 249 ग्रॅमवाला मिनी ड्रोन आहे, आत्तापर्यंत शेतावर आणि घरच्या कार्यक्रमांत उडवलाय. मागच्या वर्षी तुमच्या भावाने तिकडे काढलेले फोटो सगळे मळकट राखाडी आणि निळे आले, एक बॅटरी 40 टक्क्यांवरून धाडकन खाली आली, आणि कुणीतरी सांगितलं की 250 ग्रॅमच्या आत असला की कुठेही उडवा, कुणी विचारत नाही. मी इंदूर-पीथमपूरकडे लग्नं आणि कारखान्यांचं एरियल काम करतो, रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, आणि हिवाळ्यात हिमाचलला कामासाठी आणि हौसेसाठी दोन्ही जात असतो, तर जे स्वतः करतो तेच सांगतो.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण ते चुकलं तर बाकीचं वाचून उपयोग नाही. 250 ग्रॅमच्या आत म्हणजे कुठेही उडवा, हे साफ चूक आहे. ड्रोन रूल्स 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्याच्या वर 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मान्यता लागत नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्सची सक्ती नाही, पण आकाशाचे झोन सगळ्यांना सारखेच आहेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या मॅपवर ग्रीन असेल तर 400 फूट म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, एअरपोर्टपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा 200 फुटांवर येते, यलोमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलला विचारावं लागतं आणि रेडमध्ये केंद्र सरकारला. आपल्या इंदूरातच बघा, एअरपोर्ट शहराला लागून आणि दुसरीकडे महूचं कॅन्टोन्मेंट, आपण इथेही मॅप न बघता उडवत नाही ना, मग तिकडे तर बघायलाच हवा. नियम मोडला तर दंड 1 लाखापर्यंत जाऊ शकतो.

आणि तुमच्या पिशवीत ती जाडी 'प्लस' बॅटरी असेल तर ती लावल्या क्षणी ड्रोन 249 चा राहत नाही, मायक्रो होतो, हे बऱ्याच लोकांच्या लक्षातच येत नाही. प्लसची दुसरी अडचणही आहे, ती खाली उंचीच्या मुद्द्यात सांगतो.

मॅपवर ग्रीन दिसलं म्हणजे झालं असंही नाही. लाहौल-स्पीती हा सीमेवरचा जिल्हा आहे, सिस्सू त्याच जिल्ह्यात येतं, आणि तिकडे डीसी म्हणजे आपल्याकडचे कलेक्टर तात्पुरती बंदी कधीही लावू शकतात, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला आणि जवळच्या पोलीस चौकीत विचारायचं, पाच मिनिटांचं काम आहे. टनेलच्या तोंडाशी, पुलांवर, फौजी गाड्यांच्या ताफ्याजवळ ड्रोन पिशवीतून काढूसुद्धा नका. मनालीला लागून अभयारण्य आहे, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही. सोलंगला रोपवे आणि पॅराग्लायडिंग आहे, सिस्सूला झिपलाइन असतात, आणि ड्रोनच्या सेन्सरला बारीक तार दिसत नाही, हे कितीही नवीन मॉडेल असलं तरी खरं आहे. माणूस हवेत असताना आपण हवेत नाही, हा माझा पक्का नियम आहे.

तुमच्या तारखांमुळे अजून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मनालीजवळ गोशाल आणि आसपासच्या काही गावांत मकर संक्रांतीपासून 42 दिवस देवतांसाठी शांतता पाळतात, टीव्ही नाही, मोठ्याने गाणी नाहीत, शेतीचं काम नाही, देव स्वर्गात गेलेत अशी श्रद्धा आहे. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत जाताय. त्या गावांवर भुणभुणणारा ड्रोन नेऊ नका, फोटो कितीही सुंदर दिसत असला तरी. आपल्या गावच्या देवळात कुणी असं केलेलं आपल्याला चाललं नसतं.

आता फोटो राखाडी का येतात ते. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, रस्ता, झाडं, घरं, माणसं असं सरमिसळ असेल तर ते गृहीत बरोबर बसतं. ताजा बर्फ उजेडाचा 80 ते 90 टक्के भाग परत फेकतो, फ्रेमभर तोच असला की मीटरला वाटतं अरे फारच उजेड आहे आणि तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, खाली ओढतो, की झाला बर्फ सिमेंटच्या रंगाचा. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लसमध्ये न्यायचं, पण किती न्यायचं इथेच लोक गडबडतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या पुस्तकांत प्लस 2 पर्यंत लिहिलेलं असतं, छोट्या ड्रोनच्या सेन्सरला तेवढी जागा नसते, तिथे मी प्लस 0.7 पासून सुरू करतो आणि बहुतेक वेळा 1 ते 1.3 वर थांबतो. कुठे थांबायचं हे स्क्रीनवरच्या चित्रावरून ठरवू नका, कारण चहूकडे बर्फ चमकत असताना मोबाइलच्या स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही, सगळं काळपट वाटतं आणि माणूस उगाच अजून उजेड वाढवतो. हिस्टोग्राम चालू करा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे हे दाखवणारा छोटा आलेख. आलेखातला सगळा उंचवटा उजवीकडे सरकलेला पाहिजे पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको, थोडी फट राहू द्या. ओव्हरएक्स्पोजरच्या तिरक्या रेघांची वॉर्निंग पण चालू ठेवा, त्या सूर्याकडे तोंड केलेल्या उतारावर एखाद-दुसऱ्या ठिपक्यात दिसल्या तर ठीक, अख्ख्या उतारावर पसरल्या तर एक पायरी खाली या. जळालेला बर्फ नंतर कुठल्याच ॲपमध्ये परत येत नाही, काळा आलेला बराचसा येतो.

रॉ फॉरमॅट, म्हणजे नंतर जास्त सुधारता येणारी कच्ची फाइल, चालू असू द्या, जेपीजीसोबत असेल तर दोन्ही. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते, 100 वर बांधून टाका. अवघड उजेड असेल, म्हणजे अर्धी दरी सावलीत आणि वरचं शिखर उन्हात, तर ब्रॅकेटिंग लावा, एकाच जागी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन किंवा पाच फोटो येतात आणि त्यातला एक तरी बरोबर बसतो. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, फोटोसाठी लागत नाही, शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर गेला तरी फोटोला काही होत नाही, व्हिडिओ करायचा असेल तरच ते फिल्टर घ्या. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, तर घेऊच नका, वाइड लेन्समध्ये आकाशाचा एक कोपरा गडद आणि दुसरा फिका येतो आणि ड्रोन वळला की सगळं बदलतं.

हे सगळं इथेच घरी शिकून जा. गच्चीवर सकाळच्या उन्हात पांढरी चादर अंथरा, कडेला एखादी लाल बादली ठेवा, ड्रोन हातात धरूनच फक्त कॅमेरा चालू करून प्लस 0 पासून प्लस 2 पर्यंत एकेक फोटो काढा, उडवायची गरजही नाही. चादरीच्या सुरकुत्या कुठपर्यंत दिसतात आणि कुठे सपाट पांढरं होतं हे एकदा डोळ्याला कळलं की तिकडे बोटं आपोआप चालतात. हातमोजे घालूनच करा, तेही टचस्क्रीनवर चालणारे पातळ, जाड लोकरीचे घालून काही जमत नाही.

निळ्या रंगाचं कारण वेगळं आहे. उन्हातल्या बर्फाला सूर्याचा उजेड मिळतो, सावलीतल्या बर्फाला फक्त वरच्या निळ्या आकाशाचा, म्हणून सावल्या निळ्या असतातच, डोळ्यांना सवय असते म्हणून जाणवत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग किती पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर ड्रोन वळला की रंग बदलतो, एक फोटो पिवळट दुसरा जांभळट, आणि पॅनोरमा जोडताना मग पट्टे दिसतात. मी 5500 केल्विनवर बांधून ठेवतो, सगळंच सावलीत असेल तर 6000 ते 6500. पण एक सांगतो, सगळा निळा काढून टाकू नका. उन्हातला भाग किंचित उबदार आणि सावली निळसर, यातच थंडी दिसते, सगळं पांढरंफटक केलं की मिठाचा ढीग वाटतो.

यापेक्षाही महत्त्वाचा म्हणजे उजेड कुठून येतोय. बर्फाला स्वतःचा रंग नाही, रेषा नाहीत, त्याचा आकार दिसतो तो फक्त सावल्यांमुळे, म्हणून ढगाळ दिवशी वरून काढलेला बर्फाचा फोटो कोरा कागद असतो. तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की जानेवारीत मनालीला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून तुमच्या तारखांना फक्त 36-38 अंश वर असतो, आपल्या इंदूरात तेव्हा 46-48 अंश. म्हणजे तिकडे देवदाराची सावली भर बाराला सुद्धा झाडाच्या सव्वापटीहून जास्त लांब पडते. वरून सरळ खाली कॅमेरा करून काढलं की झाड छोटंसं टोक दिसतं आणि सावली अख्खं झाड काढून दाखवते, असे फोटो मला सगळ्यात आवडतात आणि त्यासाठी पहाटे उठायचीही गरज नाही. डोंगरांमुळे दरीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर जातं, त्यामुळे सूर्योदयाची जी वेळ मोबाइलवर दिसते त्यावर जाऊ नका, आदल्या दिवशी बघून ठेवा की समोरच्या उतारावर ऊन किती वाजता आलं. ऊन उतारावरून सरकत खाली येतं ती अर्ध्या तासाची वेळ सोडायची नाही.

दिवस कुठला निवडायचा? बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस, बस. तिकडचा हिवाळी बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतो आणि आपल्या माळव्यात मावठा म्हणजे हिवाळी पाऊस येतो तोही बऱ्याचदा त्याच सिस्टिमच्या शेपटामुळे, त्यामुळे घरून फोन आला की इंदूरात ढग आलेत तर तिकडच्या हवामानाचा अंदाज जरा जास्त नीट बघा. बर्फ पडत असताना उडवायचा नाही, हे ड्रोन वॉटरप्रूफ नसतात, मोटरमधून हवा खेळते तिथूनच पाणी आत जातं. धुकं किंवा ढग आणि तापमान शून्याच्या आसपास, हे तर त्याहून वाईट, पंख्यांच्या पुढच्या कडेवर बर्फाचा थर चढतो, वरून काही दिसत नाही, फक्त मोटरचा आवाज चढत जातो आणि ड्रोन उंची धरत नाही. असा आवाज आला की जिथे असेल तिथून सरळ खाली. ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा धोकाही असतो, चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचे इशारे बातम्यांत येतात ते बघा, कारण ड्रोनवाला माणूस स्क्रीनकडे बघत उभा असतो, त्याला आपण कुठल्या उताराखाली उभे आहोत याचं भान नसतं.

बॅटरी. भावाची 40 वरून खाली आली ती बॅटरी खराब होती असं नाही. थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं बाहेर यायला तयार नसतं, तसं आतल्या द्रावणातून आयन हळू सरकतात, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. ड्रोन एका जागी तरंगताना टक्केवारी बरोबर दिसते पण रिमोटची स्टिक जोरात पुढे केली, मोटरने एकदम करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि ड्रोनला वाटतं बॅटरी संपली. म्हणून टक्क्यांपेक्षा ॲपमधलं सेलचं व्होल्टेज आणि बॅटरीचं तापमान बघायची सवय लावा. मी काय करतो, तर बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवतो, पिशवीत नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. उडवायच्या वेळी काढायची, लावायची, दोन-अडीच मीटरवर एखादं मिनिट नुसतं तरंगत ठेवायचं म्हणजे ती स्वतःच्या कामाने गरम होते, 20 अंशांच्या वर गेली की मग निघायचं. पहिली दोन-तीन मिनिटं स्टिक हळू, स्पोर्ट मोड म्हणजे वेगाने उडवायचं सेटिंग विसरा. डीजेआय कंपनी आपल्या मिनी 4 प्रो ड्रोनला 34 मिनिटं लिहिते, ती वारा नसताना प्रयोगशाळेतली. बर्फात मी एका बॅटरीचे 15-16 मिनिटंच धरतो, 50 टक्क्यांना परत फिरवतो आणि 30-35 ला ड्रोन जमिनीवर असतो. मॅन्युअलमध्ये किमान तापमान बघून घ्या, मिनी 3 प्रो आणि 4 प्रो उणे 10 पर्यंत चालतात, जुना मिनी 2 शून्यापर्यंतच. आणि थंड बॅटरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, 5 अंशांच्या खाली चार्ज करायची नसते, आतमध्ये लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची अधू होते. खोलीत तास-दीड तास पडू द्या, मग लावा. मोबाइलची बॅटरीही अशीच बसते हे लक्षात ठेवा, तोच तुमचा डोळा आहे, त्याला पण 80 टक्क्यांच्या वर ठेवूनच उडवायला सुरुवात करा.

उंचीचं. मिनी 3 प्रो आणि 4 प्रो साध्या बॅटरीवर समुद्रसपाटीपासून 4000 मीटरपर्यंत उडू शकतात, प्लस बॅटरी लावली तर कंपनी 3000 मीटरच सांगते. सोलंग साधारण 2500 मीटर, तिथे चालेल, पण टनेलची दोन्ही तोंडं 3000 च्या वर आणि सिस्सूही जवळपास 3100, म्हणजे तिथे प्लस बसत नाही, साधीच बॅटरी न्या. 3000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश राहते, पंख्यांना तेवढीच उचल मिळवायला जास्त जोरात फिरावं लागतं, बॅटरी आणखी खाल्ली जाते आणि वेगाने खाली आणताना ड्रोन डगमगतो, तेव्हा सरळ खाली न आणता थोडं पुढे नेत तिरका उतरवा.

वारा इंदूरसारखा नसतो. दिवसा ऊन तापलं की दरीतून वर चढतो, संध्याकाळी थंड हवा डोंगरावरून खाली वाहते. तुमच्या डोक्यावर शांत असतं आणि 60 मीटर वर गेलं की सपाटून वारा, आणि कड्याच्या पलीकडच्या बाजूला तर हवा भोवऱ्यासारखी खाली ओढते, तिथे जायचंच नाही. मिनीची क्षमता सेकंदाला 10.7 मीटर म्हणजे ताशी 38 किलोमीटर लिहिलेली असते, मी त्याच्या अर्ध्यावरच थांबतो. जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परत येताना वारा मदतीला असतो. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतानाची, उंची आजूबाजूच्या झाडांपेक्षा जास्त ठेवा, देवदार 40-50 मीटर सहज असतात. आणि स्क्रीनवर दिसते ती उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते, समोरच्या जमिनीपासूनची नाही, तुम्ही चढाकडे उडवत गेलात तर स्क्रीनवर 80 मीटर असताना ड्रोन उतारापासून 10 मीटरवर असू शकतो.

उडवायची जागा. भुसभुशीत बर्फावरून थेट उडवला की पंख्यांच्या हवेने बर्फाची पूड उडते आणि गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणारा भाग), मोटरमध्ये, लेन्सवर जाऊन बसते, मग ती वितळते आणि वर गेल्यावर परत गोठते. गाडीतली रबर मॅट घ्या, बर्फ पायाने दाबून सपाट करा आणि त्यावर ठेवा, गडद मॅट असली की ड्रोनला उतरतानाही दिसते. हे 'दिसणं' महत्त्वाचं आहे, कारण खालचे कॅमेरे जमिनीवरच्या खुणा बघून ड्रोन एका जागी धरतात, कोऱ्या पांढऱ्या बर्फावर त्यांना काहीच पकडायला मिळत नाही आणि ड्रोन हळूहळू सरकत राहतो. म्हणून जीपीएसचे उपग्रह पुरेसे मिळाल्याशिवाय आणि होम पॉइंट म्हणजे परत यायची जागा नोंदवली गेली असं ॲपने सांगितल्याशिवाय उचलायचाच नाही, थंडीत दोन मिनिटं जास्त उभं राहावं लागलं तरी चालेल. उतरवताना ऑटो लँडिंगवर सोडू नका, मॅटवर स्वतः आणा. हातात पकडायची सवय असेल तरच पकडा, मुलं जवळ असताना तर नकोच.

फ्रेममध्ये काय घ्यायचं हे प्रत्येकाच्या नजरेवर आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: 120 मीटरवर जाऊन अख्खी दरी काढायचा मोह सगळ्यांना होतो आणि ते फोटो सगळ्यांचे सारखे येतात. 20 ते 50 मीटरवर थांबा. सिस्सूजवळ चंद्रा नदी बर्फातून काळसर निळी वाहते, कडेला गोठलेल्या बर्फाच्या पांढऱ्या कडा, वरून सरळ खाली बघून नदीचं एखादंच वळण घेतलं तरी पुरतं. कुल्लू खोऱ्यात सफरचंदाच्या बागा त्या दिवसांत उघड्या असतात, पानं नाहीत, नुसत्या फांद्यांच्या ओळी, वरून बघितलं की वहीत काढलेल्या नक्षीसारख्या दिसतात, मालकाला विचारून काढा, कुणी नाही म्हणत नाही. आणि पावलं. ताज्या बर्फावर एकाच माणसाच्या पावलांची ओळ म्हणजे फोटोला लगेच दिशा मिळते, पण ती एकदाच काढता येते, दुसरा कुणी तुडवून गेला की संपलं. त्यामुळे आधी ठरवा कोण कुठून चालणार, मग ड्रोन वर न्या, मग चालायला सांगा.

इथे तुमची फॅमिलीच कामाला येते. मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेच्या दुकानांत भाड्याने स्नो सूट आणि गमबूट मिळतात, लाल, पिवळे, भडक निळे. मुलांना लाल किंवा पिवळा घ्या. पांढऱ्या पसाऱ्यात तो एक ठिपका असला की डोंगर किती मोठा आहे ते कळतं. सासूबाईंना मात्र उभं करून ठेवू नका, त्यांना गाडीत बसवा, त्या उंचीवर आणि थंडीत वयस्कर माणसाला दम लागतो, आणि ड्रोनसाठी घरच्यांना ताटकळत ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी तुम्हाला उडवू देत नाही. मी ट्रिपवर दिवसाला दोनच बॅटऱ्या उडवतो, एक सकाळी ऊन उतरताना नाश्त्याच्या आधी, एक दुपारी तीनच्या सुमारास सावल्या लांबल्यावर, बाकी वेळ ड्रोन पिशवीत. आधी चालत जाऊन जागा बघायची, कुठे तार आहे, कुठे माणसं आहेत, ऊन कुठून येतंय, कुठली दोन-तीन चित्रं हवीत, हे सगळं जमिनीवर ठरवायचं आणि मग वर जाऊन तेवढीच घेऊन खाली यायचं. वर गेल्यावर शोधत बसलं की बॅटरी शोधण्यातच जाते. मुलांना काळा गॉगल लावा आणि स्वतःलाही, बर्फाच्या चकाकीने डोळे खरंच सुजतात, फक्त तुमचा गॉगल पोलराइज्ड नसू दे, त्यातून मोबाइलची स्क्रीन काही कोनांतून काळी दिसते.

घरी आल्यावर एडिटिंग फार करू नका. लाइटरूम मोबाइल या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये रॉ उघडा, व्हाइट्स थोडे वर, हायलाइट्स थोडे खाली, उन्हातल्या बर्फाच्या उजळपणाचे आकडे (0 काळा, 255 पूर्ण पांढरा) 240-245 च्या आसपास राहू द्या, 255 ला भिडले की तिथला पोत गेला. क्लॅरिटी म्हणजे कडा ठळक करणारं सेटिंग वाढवायचा मोह टाळा, बर्फ वाळूसारखा खरखरीत दिसतो.

विमानाने जाताय ना, तर बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकायच्या नाहीत, हँडबॅगेतच, टोकांना टेप लावून किंवा प्रत्येकीला वेगळी पिशवी. मिनीची एक बॅटरी 19 वॅट-अवरच्या आसपास आहे, मर्यादा 100 ची, त्यामुळे त्याचं टेन्शन नाही, पण ड्रोन स्वतः केबिनमध्ये चालतो का हे तुमच्या एअरलाइनला आधी विचारा, ड्रोनचं बिल आणि कागद मोबाइलवर ठेवा. तुम्ही शेवटी विचारलं होतं की जाऊबाई दुबईहून येतायत तर नवीन ड्रोन मागवू का, तर नका मागवू, 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोन आणण्यावर बंदी आहे, कस्टममध्ये अडकेल.

आणि संध्याकाळी हॉटेलवर परत आलात की ड्रोन थेट हीटरच्या खोलीत उघडू नका, थंड यंत्रावर गरम खोलीतली वाफ बसते, लेन्सच्या आतून धुकं धरतं आणि सर्किटवर पाणी. बाहेर असतानाच मोठ्या झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद करा, खोलीत आणून तास-दोन तास तसाच राहू द्या, मग उघडा, पंख्यांच्या कडा बोटाने तपासा, बारीक चीर दिसली तर पंखा बदला, आणि मेमरी कार्ड त्याच रात्री मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. मॉडेल नेमकं कोणतं आणि बॅटरी साधी की प्लस ते कळवा, म्हणजे सिस्सूला कोणती न्यायची ते नीट सांगतो.